शार्कचं ‘लास्ट सीन’

चाळीस शार्कच्या पाठीवर छोटे ट्रान्समीटर लावले गेले. तीन वर्षांत त्यातल्या बारा जणांचा प्रवास मासेमारीच्या बोटीवर संपला. या बारा मृत्यूंनी समुद्रातल्या हिशोबातली मोठी गडबड उघडी पाडली.

‘हेल्स बे’ हे एका शार्कचं नाव आहे. जात शॉर्टफिन मेको, म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान शार्क. मे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या किनाऱ्याजवळ संशोधकांनी त्याच्या पाठीवरच्या परावर एक टॅग बसवला. पर म्हणजे सिनेमात पाण्याबाहेर दिसणारा आणि आपल्याला घाबरवणारा तो त्रिकोण! पुढचे साधारण ६०० दिवस हेल्स बे आपलं लोकेशन पाठवत राहिला. तेवढ्या काळात त्याने २० हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. पृथ्वीची अर्धी प्रदक्षिणाच म्हणा ना!

आपल्याकडे एखाद्या व्लॉगरने असा प्रवास केला असता तर त्याचे फॉलोअर्स कुठल्या कुठे गेले असते. पण हेल्स बे नशीबवान होता. त्याच्यासारखाच टॅग लावलेल्या त्याच्या अनेक भाऊबंदांची गोष्ट इतकी लांबलीच नाही.

फ्लोरिडातल्या नोव्हा साउथईस्टर्न युनिव्हर्सिटीत गाय हार्वी रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. तिथले प्राध्यापक महमूद शिवजी आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं मेकोच्या मागावर आहेत. अमेरिका आणि मेक्सिकोच्या समुद्रात टॅग केलेल्या ४० मेकोंचा अभ्यास त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. हे ४० शार्क तीन वर्षांत १९ देशांच्या सागरी हद्दीत फिरून आले होते. व्हिसा नाही, पासपोर्ट नाही. आणि त्यातले १२ जण पाच वेगवेगळ्या देशांच्या मासेमारीत मारले गेले. ४० पैकी १२ म्हणजे ३० टक्के.

शार्क कुठे जातो हे तर टॅगने सांगितलंच. पण खरी बातमी त्याचं ‘लास्ट सीन’ कुठे आणि कसं झालं, यात होती.

टॅग नेमकं करतो काय?

आधी थोडं टेक्निकल, कारण ते खरंच भारी आहे. आपल्या मोबाइलचं जीपीएस पाण्याखाली चालत नाही. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात शिरल्या की काही अंतरातच विरून जातात. त्यामुळे शार्क खोल पाण्यात असताना तो सॅटेलाइटसाठी ‘ऑफलाइन’ असतो.

मेकोला एक सवय आहे, तो अधूनमधून पृष्ठभागावर येतो. त्याचा पर पाण्याबाहेर आला की टॅगवरच्या सेन्सरला कळतं, आता आपण कोरडे आहोत. लगेच सिग्नल सुटतो. पर पुन्हा पाण्यात गेला की सिग्नल बंद, म्हणजे बॅटरीही वाचते.

हा सिग्नल पकडणारी यंत्रणा म्हणजे ‘आर्गोस’. अमेरिका आणि फ्रान्स यांनी मिळून ती १९७८ मध्ये सुरू केली. पृथ्वीभोवती फिरणारे सॅटेलाइट टॅगचा सिग्नल ऐकतात आणि त्याच्या बदलत्या फ्रिक्वेन्सीवरून जागा काढतात. स्टेशनवर न थांबणारी फास्ट लोकल हॉर्न देत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो, आठवतंय? फिजिक्समधला तोच डॉप्लर इफेक्ट.

या यंत्रणेत भारताचाही वाटा आहे. इस्रोने २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘सरल’ हा उपग्रह सोडला. फ्रान्सच्या अवकाश संस्थेबरोबर केलेल्या या उपग्रहावर आर्गोसचं उपकरण होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलेल्या ओशनसॅट-३ वरही आर्गोसची पुढची पिढी बसवलेली आहे. म्हणजे कुठल्याशा दूरच्या समुद्रात शार्कने पर बाहेर काढला, तर त्याचा ‘हॅलो’ ऐकणाऱ्या कानांत आपलाही एक कान असतो.

जे मासे वर येतच नाहीत त्यांच्यासाठी दुसरा टॅग आहे, ‘पॉप-अप’. तो शार्कबरोबर फिरताना पाण्याची खोली, तापमान आणि उजेड नोंदवत राहतो. ठरलेल्या दिवशी आपोआप सुटून वर तरंगतो आणि साठवलेल्या नोंदी सॅटेलाइटला पाठवतो. जागा कशी कळते? उजेडावरून. नागपूरला सूर्य मुंबईच्या आधी उगवतो आणि दिवसाची लांबी उत्तरेकडे-दक्षिणेकडे बदलते. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा कळल्या की शार्क साधारण कुठे होता याचा अंदाज बांधता येतो. पहिल्या प्रकाराइतका अचूक नाही, पण कामाचा.

हजेरी ज्याची त्यानेच लावायची

आता मुद्द्याचं. समुद्रात किती मासे पकडायचे हे ठरवायचं, तर आत्ता किती मरतायत हे आधी कळायला हवं. ही माहिती आजवर मुख्यतः कुठून यायची? मासेमारी बोटींकडून. किती पकडले, कुठे पकडले, याच्या नोंदी बोटीवरच्या वहीत होतात आणि पुढे सरकारकडे जातात.

कल्पना करा, वर्गात सरांनी सांगितलं की हजेरी ज्याची त्याने लावा. शंभर टक्के मुलं खोटारडी असतात असं नाही. पण महिन्याच्या शेवटी त्या शीटवरून ‘आपला वर्ग किती नियमित आहे’ हे ठरवायचं म्हटलं तर? समुद्रातही तसंच आहे. सगळ्या बोटींवर निरीक्षक नसतो. मेलेला शार्क परत पाण्यात टाकला तर त्याची नोंद होईलच असं नाही. एकाच जातीची नोंद वेगवेगळ्या नावांनी होते. कुणी मुद्दाम लपवलं नाही तरी आकडा कमीच भरतो.

टॅगचं तसं नाही. त्याला कुणाचीच भीड नाही. तो बोटीच्या वहीवर अवलंबून नाही, की कुठल्या देशाच्या अहवालावर.

नोव्हाच्या टीमने टॅगवरून काढलेला मासेमारीतल्या मृत्यूचा दर आधीच्या अंदाजांपेक्षा साधारण दहापट निघाला. दहा टक्के जास्त नाही, दहापट! शास्त्रीय भाषेतला दर सोप्या भाषेत आणला तर चित्र असं दिसतं : आधीच्या हिशोबाने समुद्रातल्या १०० मेकोंपैकी वर्षाला साधारण दोन मासेमारीत मरत होते. टॅग सांगत होते, १७ ते ४३.

हे फक्त ४० शार्क होते, हेही लक्षात ठेवायला हवं. म्हणूनच आकड्याची रेंज इतकी मोठी आहे. पण त्या रेंजचं सगळ्यात खालचं टोक धरलं तरी जुना अंदाज त्याच्या आसपासही पोहोचत नाही. आणि शार्कची संख्या टिकवून जेवढी मासेमारी परवडू शकते, त्यापेक्षा हा दर जास्त होता.

आपल्या वयाची, आणि नुकती कुठे आई

‘मग काय झालं, मासेच आहेत, होतील परत,’ असं कुणाला वाटेल. तारली आणि बांगड्याच्या बाबतीत हे थोडंफार खरं आहे. ते एक-दोन वर्षांत वयात येतात आणि ढिगाने अंडी घालतात. मेकोचं गणित वेगळं आहे, जवळजवळ आपल्यासारखं.

मेकोची मादी वयात येते साधारण १८ ते २१ व्या वर्षी. म्हणजे हे पान वाचणाऱ्या बहुतेकांच्या वयाची मादी नुकती कुठे आई होण्याच्या तयारीत असते. गर्भारपण सुमारे १५ ते १८ महिन्यांचं. ती अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते आणि मग पुढच्या खेपेपर्यंत मोठी विश्रांती. साधारण तीन वर्षांतून एकदा बाळंतपण.

आता यात मासेमारी घाला. उत्तर अटलांटिकमध्ये मेको अडकतो तो मुख्यतः ‘लाँगलाइन’मध्ये. कित्येक किलोमीटर लांब दोरी, तिला शेकडो-हजारो गळ. टार्गेट असतात टूना आणि स्वोर्डफिश. पण मेकोही तेच खातो, त्यामुळे तोही त्याच आमिषाला लागतो. त्याच्या मांसाला चांगला भाव आहे, परांनाही आहे. त्यामुळे ‘चुकून’ आलेला मेको बोटीला नकोसा नसतो.

गळाला लागणारे बरेच मेको वयात न आलेले असतात. म्हणजे आज बोटीवर आलेलं पिल्लू ही पंधरा वर्षांनी कमी पडणारी आई असते. तिची उणीव आज कुठल्याच आकड्यात दिसत नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

मग पुढे झालं काय?

अटलांटिकमधल्या टूना आणि तशाच माशांची मासेमारी ‘आयकॅट’ नावाचा आंतरराष्ट्रीय आयोग ठरवतो. ऑफिस माद्रिदला, सदस्य पन्नासहून जास्त. आयकॅटच्या २०१२ च्या आढाव्यात उत्तर अटलांटिकच्या मेकोची तब्येत ठीकठाक वाटली होती. २०१७ मध्ये, म्हणजे टॅगचा अभ्यास आला त्याच वर्षी, आयकॅटच्या शास्त्रज्ञांनी नव्या पद्धतीने आढावा घेतला. त्यांची पद्धत वेगळी, माहिती वेगळी, पण निष्कर्ष त्याच दिशेचा. मेको गरजेपेक्षा जास्त पकडला गेलाय आणि अजूनही पकडला जातोय.

२०१९ मध्ये त्याच शास्त्रज्ञांनी पुढचा अंदाज दिला, तो वाचून धक्का बसतो. आज एकही मेको पकडणं बंद केलं तरी अंडी-पिल्लांच्या वयातल्या माद्यांची संख्या २०३५ पर्यंत घटतच राहील. कारण त्या वर्षांत ज्या आया व्हायच्या होत्या, त्या आधीच पकडल्या गेल्यात. शून्य मासेमारी केली तर २०४५ पर्यंत गाडी रुळावर येण्याची शक्यता ५३ टक्के. टॉस उडवल्यापेक्षा थोडी बरी! तेव्हा आपण सगळे चाळिशी पार केलेले असू.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने मेकोला ‘धोक्यातील’ प्रजातींच्या यादीत टाकलं. ऑगस्टमध्ये जिनिव्हात वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या परिषदेत मेकोला दुसऱ्या परिशिष्टात जागा मिळाली. म्हणजे व्यापार बंद नाही, पण निर्यात करायची तर त्यामुळे प्रजातीला धोका नाही हे त्या देशाने दाखवायला हवं.

मासेमारी थांबवण्याचा निर्णय मात्र रखडला. २०१९ मध्ये सेनेगल, कॅनडा आणि इतर काही देशांनी बंदीचा प्रस्ताव मांडला, पण एकमत झालं नाही. हा मासा पकडण्यात स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोच्या बोटी पुढे होत्या.  शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये आयकॅटने ठरवलं की २०२२ आणि २०२३ ही दोन वर्षं उत्तर अटलांटिकमधला मेको बोटीवर ठेवायचा नाही. अमेरिकेने ५ जुलै २०२२ पासून तो नियम आपल्या मच्छीमारांना लागू केला.

शास्त्रज्ञांचा इशारा ते बंदी, यात चार वर्षं गेली. यातलं सगळं श्रेय टॅगला देणं चुकीचं ठरेल. पण टेबलावर ‘तुमचे आकडेच कमी आहेत’ असं ठामपणे सांगणारा पुरावा त्याने ठेवला.

सोडला, पण जगला का?

‘बोटीवर ठेवायचा नाही’ म्हणजे गळाला लागलाच तर सोडून द्यायचा. पण तासन् तास गळाला लटकलेला मासा सोडल्यावर जगतो का? नाही जगला तर बंदी फक्त कागदावरच.

हा प्रश्नही टॅगनेच सोडवला. लाँगलाइनवरून सोडलेल्या मेकोंना टॅग लावले गेले. मेलेला शार्क तळाशी जातो. टॅगमधली खोलीची नोंद दिवसेंदिवस बदलतच नसेल, तर त्याचा अर्थ सरळ असतो. अटलांटिकमधल्या अभ्यासात सोडलेल्या मेकोंपैकी साधारण चारातला एक नंतर मेला. म्हणजेच चारातले तीन जगले. गळ काळजीपूर्वक काढला, दोरी जवळून कापली, मासा डेकवर आपटला नाही, तर सोडून देण्याला खरंच अर्थ आहे. जिवंत वर येणाऱ्या शार्कबद्दलच हे म्हणता येतं. जो गळावरच मेला, त्याला बंदीचा उपयोग नाही. म्हणून गळच कुठे टाकायचे हा पुढचा प्रश्न येतो.

शार्क आणि बोटी, एकाच नकाशावर

मोठी जहाजं टक्कर टाळण्यासाठी आपली जागा सतत प्रसारित करतात. ही माहिती सॅटेलाइट टिपतात आणि तिच्यावरून कुठली बोट कुठे मासेमारी करतेय हे ओळखता येतं. नुनो केइरोझ, डेव्हिड सिम्स आणि जगभरातल्या दीडशेहून जास्त संशोधकांनी एक साधी वाटणारी गोष्ट केली. २३ जातींच्या १,६८१ टॅग केलेल्या शार्कचा नकाशा आणि लाँगलाइन बोटींचा नकाशा एकावर एक ठेवला. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये तो अभ्यास आला.

निष्कर्ष : सरासरी महिन्यात शार्क वापरत असलेल्या जागेपैकी २४ टक्के जागेवर लाँगलाइनची मासेमारी चालते. उत्तर अटलांटिकमधल्या मेकोसाठी हा आकडा ६२ टक्के, तर ब्लू शार्कसाठी ७६ टक्के. किनाऱ्यापासून लांब, कुठल्याच देशाची हद्द नसलेल्या समुद्रात शार्कला लपायला फारशी जागा उरलेली नाही.

यावर नंतर त्याच नियतकालिकात आक्षेपही छापून आले. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की शार्क आणि बोट एका चौकोनात दिसले म्हणजे शार्क मेलाच असं होत नाही. खोली वेगळी असेल, गळ वेगळे असतील. शिवाय कोणत्या शार्कला आणि कुठे टॅग लावला यावरही नकाशा बदलतो. मुद्दा रास्त आहे. नकाशा धोका कुठे आहे ते दाखवतो, मृत्यू मोजत नाही. पण कुठल्या महिन्यात, कुठल्या भागात गळ टाकणं टाळावं, ही चर्चा सुरू करायला असा नकाशा लागतोच.

आपल्या किनाऱ्यावर

अटलांटिक लांब राहिला, पण मोरी आणि मुशी आपल्याला परक्या नाहीत. मालवणी घरात मोरीचं मटण किती आवडीने होतं हे वेगळं सांगायला नको. जगात सर्वाधिक शार्क पकडणाऱ्या देशांमध्ये भारत वरच्या रांगेत आहे. पण इथे बरेचसे शार्क दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात येतात. पर कापून शार्क समुद्रात फेकण्यावर केंद्राने २०१३ मध्ये बंदी घातली आणि २०१५ मध्ये परांची निर्यात थांबवली.

टॅगिंगचा सगळ्यात ओळखीचा प्रयोग गुजरातच्या किनाऱ्यावर झाला. सौराष्ट्रात एकेकाळी व्हेल शार्कची मोठी शिकार व्हायची. माइक पांडे यांच्या माहितीपटानंतर देशभर चर्चा झाली आणि मे २००१ मध्ये या माशाला वाघाइतकं कायदेशीर संरक्षण मिळालं. पण कायद्याने मच्छीमाराचं फाटलेलं जाळं भरून येत नाही. २००४ मध्ये मोरारी बापूंनी या माशाला ‘व्हाली’, म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लाडकी लेक म्हटलं आणि मच्छीमारांच्या मनातलं चित्रच पालटलं. जाळं कापून मासा सोडला तर भरपाई मिळू लागली. तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क सोडले गेले. २०११ पासून त्यातल्या काहींना सॅटेलाइट टॅगही लागले. टॅग बसवताना मदत करतात तेच मच्छीमार, ज्यांच्या जाळ्यात तो मासा आलेला असतो.

महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे. संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सॅटेलाइट टॅगची आपली ओळख मात्र कासवांमुळे झाली. २०२२ मध्ये प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री या पाच ऑलिव्ह रिडले माद्यांना कोकणात टॅग लागले. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागराकडे गेली, तेव्हा कितीतरी जण तिचे अपडेट्स वाचत होते.

मेको अरबी समुद्रातही आहे. बाजारात ज्याला आपण नुसतं मोरी म्हणतो, त्यात अनेक जाती असतात, काही भरपूर, काही संकटात. त्यातली कुठली कुठून येते, कुठे पिल्लं घालते, किती मरते, याचा हिशोब इथेही बराचसा बंदरावर उतरणाऱ्या मालावरूनच मांडला जातो. अटलांटिकने दाखवून दिलंय की तेवढ्यावर विसंबलं तर चूक दहापट असू शकते. एक टॅग लाखभर रुपयांपासून पुढे मिळतो, म्हणून हजारो लावता येणार नाहीत. पण तिकडेही सुरुवात ४० पासूनच झाली होती.

तुम्हालाही यात यायचंय?

• झूऑलॉजी, मरीन बायॉलॉजी किंवा फिशरीज सायन्स ही नेहमीची वाट. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे.

• कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरातल्या बंदरांवर उतरणाऱ्या माशांची नोंद ठेवते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था टॅगिंगच्या प्रकल्पांत असते. कोकणातली कासवंही त्यांच्याच मदतीने टॅग झाली.

• बोटीवर जायची भीती वाटते? हरकत नाही. टॅगचे सिग्नल तुटक आणि चुका असलेले येतात. त्यातून खरा मार्ग काढायला स्टॅटिस्टिक्स आणि कोडिंग येणारी मुलं लागतात.

• आणि सगळ्यात सोपं काम : पुढच्या वेळी बाजारात गेलात की मावशींना विचारा, ‘ही मुशी कुठली, कुठल्या बंदरावरची?’ त्यांना बऱ्याचदा पुस्तकांपेक्षा जास्त माहिती असतं.